ड्रेसच्या लेबलवर अंगठा उमटवणारी डिझायनर: मादलेन व्हियोने आणि कॉपीविरुद्धची तिची लढाई

आपल्याकडे कागदावर अंगठा उठवणं म्हणजे सही करता येत नाही याची कबुली. ‘अंगठेबहाद्दर’ हा शब्द कुणी कौतुकाने वापरत नाही. पण साधारण १०० वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये एक बाई होती, जिला सही अगदी व्यवस्थित करता येत होती. तरीही तिच्या फॅशन हाउसमधून बाहेर पडणाऱ्या ड्रेसच्या लेबलवर सहीसोबत तिच्या अंगठ्याचा ठसा असायचा.

तिचं नाव मादलेन व्हियोने. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या सगळ्यात मोठ्या डिझायनरांमध्ये तिची गणना होते. आज अंगाला लपेटून खाली ओघळणारे जे सॅटिनचे गाऊन तुम्ही रेड कार्पेटवर बघता, त्यांच्या कटिंगचं मूळ शोधत गेलात तर बहुतेक वेळा तिच्यापाशीच पोचाल.

पण तिची गोष्ट फक्त सुंदर कपड्यांची नाही. कपड्याचं डिझाइन ही कुणाची मालमत्ता असू शकते का, हा प्रश्न तिने आयुष्यभर लावून धरला. आजही त्याचं उत्तर प्रत्येक देशात वेगळं आहे.

टोलनाक्यावरच्या कारकुनाची मुलगी

मादलेनचा जन्म २२ जून १८७६ चा, फ्रान्समधल्या शिलेर-ओ-ब्वा या छोट्या गावातला. आईवडील लवकर वेगळे झाले आणि ती वडिलांसोबत पॅरिसला लागून असलेल्या ओबेरव्हिलिए या कामगार वस्तीत वाढली. वडील जकात गोळा करण्याच्या नोकरीत होते. मुलगी शाळेत हुशार होती आणि तिला शिक्षिका व्हायचं होतं. पण घरच्या परिस्थितीपुढे ते जमलं नाही. वयाच्या बाराव्या वर्षाच्या आसपास तिला एका शिवणकाम करणाऱ्या बाईकडे उमेदवारीला लावण्यात आलं.

पुढची काही वर्षं सुई-दोऱ्यात गेली. १८ व्या वर्षी लग्न झालं, मुलगी झाली आणि ती लहानपणीच गेली. लग्नही टिकलं नाही. विशीतली मादलेन हे सगळं मागे टाकून लंडनला निघून गेली. इंग्रजी येत नव्हतं. सुरुवातीला मिळेल ते काम केलं आणि मग केट रायली नावाच्या एका ड्रेसमेकरकडे नोकरी लागली.

इथे जरा थांबायला हवं, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीत ही नोकरी महत्त्वाची आहे. केट रायलीचा धंदा काय होता? पॅरिसहून नव्या फॅशनचे नमुने विकत आणायचे आणि इंग्लंडमधल्या श्रीमंत बायकांसाठी त्यावरून ड्रेस शिवायचे. म्हणजे पुढे कॉपीविरुद्ध फ्रान्समधली सगळ्यात कडवी लढाई लढणारी बाई तिचा धंदा शिकली ती दुसऱ्याचे नमुने उतरवणाऱ्या वर्कशॉपमध्ये. हे काम बेकायदेशीर नव्हतं. नमुना पैसे देऊन घेतलेला असायचा आणि तो पुन्हा बनवण्याची मुभा त्या किमतीतच आलेली असायची. पण दुसऱ्याचा ड्रेस बघून तो कसा कापला असेल, शिवण कुठे दिली असेल, हे ओळखायचं कसब मादलेनच्या हातात तिथेच बसलं असणार.

१९०० च्या सुमारास ती पॅरिसला परतली आणि ‘कालो सर’ या चार बहिणींच्या नावाजलेल्या फॅशन हाउसमध्ये लागली. थोरल्या बहिणीच्या कल्पना मांजरपाटात उतरवून नमुना तयार करणं हे तिचं काम होतं. आपण साधे ड्रेस केले असते, पण इथे उत्तम ड्रेस करायला शिकलो, असं ती पुढे सांगायची. मग १९०७ च्या सुमारास जाक दूसे या दुसऱ्या बड्या डिझायनरकडे गेली. तिथे तिने मॉडेल्सना कॉर्सेट काढून, अनवाणी चालायला लावलं. कॉर्सेट म्हणजे कंबर आवळून धरणारा, आत पट्ट्या असलेला कपडा. तो घातल्याशिवाय सभ्य बाई घराबाहेर पडत नसे, असा तो काळ. दुकानातल्या जुन्या विक्रेत्या बायकांना हे रुचलं नाही आणि त्या तिचे ड्रेस गिऱ्हाइकांना दाखवायचंच टाळायच्या.

शेवटी १९१२ मध्ये तिने रू द रिव्होली या रस्त्यावर स्वतःचं फॅशन हाउस उघडलं. दोनच वर्षांत पहिलं महायुद्ध आलं आणि ते बंद करावं लागलं. युद्ध संपता संपता ते पुन्हा उघडलं तेव्हा ती चाळिशी ओलांडून गेलेली होती.

तिने असं काय वेगळं केलं?

एक साधा प्रयोग करून बघा. सुती रुमाल घ्या आणि दोन शेजारच्या कोपऱ्यांना धरून ओढा. फारसा ताणला जाणार नाही. आता समोरासमोरचे, म्हणजे तिरपे कोपरे धरून ओढा. रुमाल लगेच ताणला जातो आणि मधे लवचीक होतो.

कापडात ताणा उभा असतो आणि बाणा आडवा. दोन्ही धाग्यांच्या दिशेने कापड ताठ असतं. ४५ अंशात तिरपं धरलं की तेच कापड रबरासारखं वागायला लागतं. आपल्याकडे टेलर याला ‘क्रॉस’ म्हणतात. ब्लाऊजच्या गळ्याला लावायची पट्टी क्रॉसमध्ये कापतात ती याचसाठी, म्हणजे ती गोलाईवर नीट वळते.

व्हियोनेच्या आधीही ही युक्ती सगळ्यांना माहीत होती, पण ती कॉलर, पट्ट्या, झालर अशा बारीकसारीक गोष्टींपुरती. व्हियोनेने अख्खा ड्रेसच तिरप्या कापडात कापला. त्यासाठी तिला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पन्ह्याचं कापड लागायचं आणि ते ती गिरण्यांकडून खास विणून घ्यायची. ती कागदावर ड्रेसची चित्रं काढत बसायची नाही. सुमारे ८० सेंटीमीटर उंचीच्या लाकडी बाहुलीवर ती कापड टाकायची, फिरवायची, टाचायची, आणि तिथेच ड्रेस जन्माला यायचा.

परिणाम असा झाला की ड्रेसला आकार द्यायला आत पट्ट्या, अस्तर, आवळणाऱ्या दोऱ्या यांची गरजच उरली नाही. कापड अंगावरून ओघळत शरीराचाच आकार घ्यायचं. तिचे काही ड्रेस हँगरवर टांगले तर नुसत्या चिंध्या लोंबकळल्यासारखे दिसतात. अंगावर चढले की मगच कळतं की कापणाऱ्याच्या डोक्यात काय होतं.

१९२३ मध्ये तिने ५०, अव्हेन्यू मोंतेन या पत्त्यावर मोठ्या इमारतीत मुक्काम हलवला. तिथे पुढे सुमारे १,२०० लोक कामाला होते. कारागिरांसाठी जेवणाची खोली, डॉक्टर, दंतवैद्य, बाळांसाठी पाळणाघर, पगारी रजा आणि बाळंतपणाची रजा अशा सोयी तिने केल्या. यातल्या बऱ्याच गोष्टी तेव्हा कायद्याने बंधनकारक नव्हत्या. शिवणाऱ्या मुलींना पाठ टेकायला येईल अशा खुर्च्या दिल्या, ही गोष्ट मला वैयक्तिकरीत्या सगळ्यात जास्त आवडली. ज्या मुलीने बाराव्या वर्षापासून स्टुलावर बसून शिवलंय, तिलाच हे सुचणार.

हे इथे सांगायचं कारण असं की या सगळ्याचा खर्च ड्रेसच्या किमतीतून निघायचा. आणि तोच ड्रेस पलीकडच्या गल्लीत निम्म्या पैशात मिळायला लागला तर?

कॉपीचा धंदा चालायचा कसा?

पॅरिसमधली मोठी फॅशन हाउसेस ठरावीक हंगामात आपले नवे ड्रेस दाखवायची. बघायला दोन प्रकारचे लोक यायचे. एक म्हणजे स्वतःसाठी ड्रेस घेणाऱ्या श्रीमंत बायका. दुसरे म्हणजे परदेशी दुकानं आणि कारखान्यांचे खरेदीदार. हे खरेदीदार अधिकृतपणे एखादा नमुना विकत घ्यायचे आणि आपल्या देशात त्यावरून ड्रेस बनवायचे. केट रायली यांच्यातलीच. इथपर्यंत सगळं सरळ होतं.

पण या दाराशेजारी एक चोरदारही होतं. एका नमुन्याचे पैसे भरायचे आणि डोळ्यांनी वीस नमुने न्यायचे. शोमध्ये उघडपणे चित्र काढायला बंदी असायची, म्हणून तरबेज चित्रकार मुली गिऱ्हाईक बनून यायच्या, ड्रेस डोक्यात साठवायच्या आणि बाहेर पडल्यावर पटापट कागदावर उतरवायच्या. अमेरिकन डिझायनर एलिझाबेथ हॉज १९२५ मध्ये कॉलेज संपवून पॅरिसला आली, तेव्हा तिची पहिली नोकरी अशाच एका कॉपी करणाऱ्या हाउसमध्ये होती. पुढे अमेरिकन कारखानदारांसाठी तिने शोमधले ड्रेस चोरून रेखाटण्याचं कामही केलं. १९३८ मध्ये आलेल्या ‘फॅशन इज स्पिनच’ या पुस्तकात तिने हा सगळा कारभार मोकळेपणाने लिहून ठेवला आहे.

याशिवाय खरा ड्रेस काही तासांसाठी हातात आला तरी भागायचं. त्याच्या शिवणी उसवायच्या, तुकड्यांवरून कटिंग काढून घ्यायचं आणि पुन्हा होता तसा शिवून परत द्यायचा.

आणि मग खोटी लेबलं. १९१३ मध्ये पॅरिसचा त्या काळातला सगळ्यात गाजलेला डिझायनर पॉल प्वारे अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. तिथल्या दुकानांत त्याला स्वतःच्या नावाची लेबलं लावलेले असे कपडे दिसले, जे त्याने कधी बनवलेलेच नव्हते. संतापलेल्या प्वारेने परत येऊन इतर डिझायनरांना एकत्र केलं आणि १९१४ मध्ये कॉपीविरुद्ध संघटना उभी केली. पण त्याच वर्षी युद्ध पेटलं आणि विषय मागे पडला.

अंगठा, आरसा आणि अल्बम

व्हियोनेने हा विषय पुन्हा हातात घेतला, आणि तिने तो एखाद्या वकिलासारखा घेतला. तक्रार करण्याआधी पुरावा तयार ठेवायचा, हे तिचं सूत्र होतं.

पहिली गोष्ट लेबलची. सहीची नक्कल छापता येते हे प्वारेच्या अनुभवाने सिद्धच झालं होतं. म्हणून सहीसोबत अंगठा. तुम्ही म्हणाल, ठशाचीही नक्कल करता येईलच की. येईल. पण फरक असा आहे की ‘आम्ही फक्त प्रेरणा घेतली’ ही कॉपी करणाऱ्यांची नेहमीची सबब तिथे चालत नाही. दुसऱ्याच्या अंगठ्याचा ठसा कुणाला योगायोगाने सुचत नसतो. तो छापला की सरळसरळ फसवणूक. शिवाय बोटांच्या ठशांवरून गुन्हेगार ओळखायची पद्धत तेव्हा पोलिसांमध्ये नुकतीच रुळली होती, त्यामुळे लोकांच्या डोक्यात ठसा आणि ओळख हे नातं ताजं होतं.

दुसरी गोष्ट फोटोंची. प्रत्येक नव्या ड्रेसचे समोरून, बाजूने आणि मागून असे फोटो काढले जायचे. पुढे तर मॉडेलला आरशांसमोर उभं करून एकाच फोटोत सगळ्या बाजू टिपल्या जाऊ लागल्या. मॉडेलच्या चेहऱ्यावर भाव नाहीत, मागे सजावट नाही. आज हे फोटो बघताना आधी विचित्र वाटतात, कारण फॅशनचा फोटो म्हटल्यावर आपण वेगळं काहीतरी अपेक्षित करतो. मग लक्षात येतं की हे जाहिरातीचे फोटो नाहीतच. पोलीस स्टेशनात समोरून आणि बाजूने काढतात तसे हे फोटो आहेत, फक्त इथे ओळख पटवायची होती ती ड्रेसची. हे फोटो क्रमांकासह अल्बममध्ये चिकटवले जायचे. अशा अल्बमची संख्या ७५ वर गेली. आज त्यांना ‘कॉपीराइट अल्बम’ म्हणूनच ओळखतात.

तिसरी गोष्ट म्हणजे जाहीर ताकीद. आपले नमुने नोंदवलेले आहेत आणि अंशतः जरी कॉपी केली तरी खटला भरला जाईल, अशा आशयाच्या सूचना तिच्या हाउसने छापून आणल्या. आणि खटले खरोखर भरले.

कोर्टात प्रश्न काय होता?

लेखकाचं पुस्तक, चित्रकाराचं चित्र, संगीतकाराची रचना यांचं संरक्षण करणारा कायदा फ्रान्समध्ये १७९३ पासून, म्हणजे राज्यक्रांतीच्या धामधुमीपासून होता. पण ड्रेसचं काय? ड्रेस वापरायची वस्तू आहे. ती झिजते, जुनी होते, पुढच्या वर्षी कुणी घालत नाही. तिला कलाकृती म्हणायचं का?

१९०२ मध्ये या कायद्यात एक महत्त्वाची भर पडली. सजावटीच्या वस्तू घडवणाऱ्यांनाही संरक्षण मिळालं, आणि ते देताना त्या वस्तूची कलात्मक योग्यता किती किंवा ती कशासाठी वापरली जाणार, हे बघायचं नाही असं ठरलं. १९०९ मध्ये औद्योगिक डिझाइन आणि नमुन्यांची नोंदणी करण्यासाठी वेगळा कायदा आला. व्हियोनेच्या बाजूने युक्तिवाद होता तो यांच्या आधारावर. ड्रेस घालायचा असला म्हणून काय झालं, त्यामागची कल्पना कुणाची तरी आहे, आणि ती तारखेसह आमच्या अल्बममध्ये आहे.

१९२० च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या न्यायालयाने कॉपी करणाऱ्यांविरुद्ध तिच्या बाजूने निकाल दिला. ड्रेसलाही पुस्तकासारखा ‘लेखक’ असू शकतो, हे तत्त्व मान्य झालं. या दशकाच्या अखेरीस तिच्या कंपनीचा कारभार बघणाऱ्या अरमाँ त्रुयेने हंगामी फॅशन उद्योगांसाठी ‘पाइस’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी संघटना उभी केली. कॉपीचे अड्डे शोधणं आणि खटले चालवणं हे तिचं काम. १९२९ मध्ये फ्रेंच सरकारने व्हियोनेला ‘लेजियन ऑफ ऑनर’ हा सन्मान दिला.

तुलनेसाठी आपल्याकडचा कायदा थोडक्यात सांगते. भारतात कपड्याचं डिझाइन २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदवता येतं आणि आधी १० व मग आणखी ५ वर्षं संरक्षण मिळतं. नोंदवलं नाही तर? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १५ सांगतं की नोंदणीयोग्य डिझाइन नोंदवलं नसेल आणि यंत्राने वा औद्योगिक पद्धतीने त्याच्या ५० पेक्षा जास्त वस्तू बनल्या, तर कॉपीराइट संपतो. रितू कुमार हा ब्रँड चालवणारी रितिका कंपनी ‘बीबा’विरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तेव्हा तिचा दावा २०१६ मध्ये याच कलमावर अडकला. व्हियोनेने प्रत्येक ड्रेसची नोंद ठेवण्याचा जो कंटाळवाणा उद्योग केला, त्याची किंमत अशा वेळी कळते.

समुद्रापलीकडे अंगठ्याला किंमत नव्हती

फ्रान्समध्ये जिंकून भागणार नव्हतं, कारण सगळ्यात मोठी बाजारपेठ अमेरिका होती. आणि अमेरिकेचा कायदा ड्रेसला कलाकृती मानायला तयार नव्हता. खोटं लेबल लावलं तर ट्रेडमार्कचा गुन्हा. पण लेबल न लावता हुबेहूब ड्रेस शिवला तर त्यात बेकायदेशीर काहीच नव्हतं.

१९२९ मधला एक खटला यासाठी बघण्यासारखा आहे. चेनी ब्रदर्स नावाची रेशीम कंपनी दर हंगामात कापडावरच्या नव्या नक्ष्या बाजारात आणायची. त्यातल्या जेमतेम पाचवा भाग चालायच्या. डोरिस सिल्क ही दुसरी कंपनी नेमकी चाललेली नक्षी उचलून कमी भावात विकायची. म्हणजे फसलेल्या नक्ष्यांचा खर्च एकाचा आणि यशाचा फायदा दुसऱ्याचा. अन्याय होतोय हे न्यायाधीश लर्नेड हँड यांना दिसत होतं, पण संसदेने जो हक्क दिलेला नाही तो कोर्ट निर्माण करू शकत नाही, असं म्हणून त्यांनी दाद द्यायला नकार दिला.

मग अमेरिकन डिझायनरांनी स्वतःच बंदोबस्त करायचं ठरवलं. १९३२ मध्ये एक गिल्ड स्थापन झालं. सदस्यांनी आपली डिझाइन नोंदवायची आणि जो दुकानदार कॉपी विकेल त्याला कुणीच माल द्यायचा नाही. काही वर्षं हे चाललं, पण १९४१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा बहिष्कारच व्यापारातल्या स्पर्धेला मारक ठरवून बंद केला. तिथे आजही ड्रेसच्या कटला कॉपीराइट मिळत नाही.

व्हियोनेने मात्र वेगळा मार्ग वापरून बघितला. १९२० च्या दशकाच्या मध्यावर तिने न्यूयॉर्कमध्ये स्वतःच तयार ड्रेस विकायला सुरुवात केली. कॉपी थांबवता येत नसेल तर खरा माल तिथल्या बायकांच्या आवाक्यात न्यायचा, असा त्यामागचा हिशेब दिसतो. त्यातून कॉपी काही थांबली नाही.

खरं संरक्षण तिला कदाचित तिच्या कात्रीनेच दिलं. सरळ शिवणीच्या ड्रेसचं चित्र बघून टेलर तो शिवू शकतो. तिरप्या कापडातला ड्रेस चित्रावरून कळत नाही. उसवला तर तुकडे ताणले जाऊन मूळ आकार सोडतात. स्वस्त कारखान्यांनी तिच्या ड्रेसचा ढंग उचलला, तिचं कटिंग त्यांना उचलता आलं नाही.

दुसरी बाजूही होती

सगळ्यांनाच तिचं म्हणणं पटत होतं असं नाही. तिची समकालीन कोको शॅनेल कॉपीकडे यशाची पावती म्हणून बघायची. रस्त्यावर जी फॅशन दिसत नाही ती फॅशनच नाही, असा तिचा एकूण सूर होता. शॅनेलचे ड्रेस साधे, सहज उतरवता येण्यासारखे होते आणि परफ्युमसारख्या इतर गोष्टींतून तिचं उत्पन्न चालू होतं. व्हियोनेकडे विकायला होतं ते कटिंगच. त्यामुळे दोघींची मतं त्यांच्या धंद्याला साजेशी होती, असं मला वाटतं.

आणि व्हियोनेच्या पायाखालीही एक गंमत होती. अव्हेन्यू मोंतेनवरच्या आलिशान इमारतीसाठी ज्यांनी पैसा घातला त्यात तेओफिल बादेर हे मोठं नाव होतं. बादेर म्हणजे ‘गॅलरी लाफाएत’ या डिपार्टमेंट स्टोअरचे संस्थापक. त्यांच्या दुकानाच्या सुरुवातीच्या दिवसांतला किस्सा असा की बादेर चित्रकार मुलीला सोबत घेऊन ऑपेराला आणि घोड्यांच्या शर्यतींना जायचे. उच्चभ्रू बायकांनी घातलेले ड्रेस ती रेखाटून घ्यायची आणि मग तसेच कपडे मध्यमवर्गीयांना परवडतील अशा भावात दुकानात यायचे.

शिवाय कॉपीच्या अड्ड्यांवर शिवणाऱ्या मुली कोण होत्या? ओबेरव्हिलिएसारख्याच वस्त्यांमधून आलेल्या, लहान वयात सुईला लागलेल्या. धाड पडली की त्यांचंही काम जायचं. व्हियोनेच्या पाळणाघराची आणि पगारी रजेची गोष्ट सांगताना ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

तरीही माझं मत विचाराल तर ते व्हियोनेच्या बाजूने झुकतं. कॉपी करणाऱ्यांच्या स्वस्त ड्रेसमुळे कमी पगारातल्या बाईला फॅशन मिळाली हे खरं, पण त्या ड्रेसमागे महिने घालवलेल्या माणसाला त्यातलं काहीच मिळत नव्हतं.

बंद दार आणि उघडे अल्बम

१९३९ च्या ऑगस्टमध्ये व्हियोनेने शेवटचं कलेक्शन दाखवलं. काही आठवड्यांत दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि १९४० मध्ये फॅशन हाउस कायमचं बंद करण्यात आलं. ती ६३ वर्षांची होती. त्यानंतर ती आणखी ३५ वर्षं जगली, पण पुन्हा स्वतःचं हाउस उघडलं नाही.

१९५२ साली दोन गोष्टी घडल्या. १२ मार्चला फ्रान्सने कपडे आणि साजशृंगाराच्या हंगामी उद्योगांमधली कॉपी रोखण्यासाठी खास कायदा केला. ज्या गोष्टीसाठी व्हियोने ३० वर्षांपूर्वी जुन्या कायद्यांची ओढाताण करत कोर्टात उभी राहिली होती, तिला आता स्वतंत्र कायदा मिळाला.

आणि त्याच वर्षी तिने आपल्याकडचं जवळपास सगळं पॅरिसमधल्या वेशभूषेच्या संग्रहासाठी देऊन टाकलं. १२० हून अधिक ड्रेस, शेकडो कटिंग आणि ते ७५ अल्बम. हा ठेवा आता पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयात आहे. जे कॉपी करणाऱ्यांच्या नजरेला पडू नये म्हणून आयुष्यभर धडपड केली, तेच तिने अभ्यासकांसाठी खुलं केलं. यात विसंगती वाटू शकते, पण मला ती वाटत नाही. फोटो आणि क्रमांक असलेल्या अल्बममुळे आता कुणीही तिचा ड्रेस अभ्यासला तरी तो कुणाचा आहे हे विचारायची गरज उरली नव्हती.

१९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये १९०९ ते १९३९ या काळातल्या कपड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. त्यात व्हियोनेचे ड्रेस होते. ते बघून भारावलेल्यांमध्ये इस्से मियाके हा तरुण जपानी डिझायनरही होता. २ मार्च १९७५ रोजी, वयाच्या ९८ व्या वर्षी व्हियोनेचं पॅरिसमध्ये निधन झालं.

बेटी कर्क या अमेरिकन अभ्यासक बाईंनी पुढे अनेक वर्षं घालवून तिच्या ड्रेसचं कटिंग शिवणीगणिक मोजून काढलं. त्यांचं पुस्तक आधी १९९१ मध्ये जपानमध्ये आलं आणि १९९८ मध्ये इंग्रजीत. त्यात व्हियोनेच्या ड्रेसचे पॅटर्न मापांसकट छापलेले आहेत. फॅशन शिकणारे विद्यार्थी आज ते समोर ठेवून, छोट्या बाहुलीवर मांजरपाट तिरपा टाकून, तिचे ड्रेस पुन्हा बनवतात. त्यांना कुणी कोर्टात खेचत नाही, आणि पहिल्या प्रयत्नात तो बहुतेकांना जमतही नाही.